टीम गाव सोडून गेली, आणि आता मुलगा जायंट्सची टोपी मागतोय

पत्र थोडक्यात असं: ताई मूळच्या पुण्याच्या, गेली पंचवीसेक वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतात. बेसबॉलमध्ये ओकलंड ए'ज (म्हणजे अ‍ॅथलेटिक्स) आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये ओकलंडचेच रेडर्स, या दोन टीम्स म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रेडर्स २०२० ला लास वेगासला गेले. ए'जनी २०२४ चा सीझन कसाबसा ओकलंडमध्ये पूर्ण केला आणि सॅक्रामेंटोला मुक्काम हलवला, तिथून पुढे त्यांनाही वेगासच गाठायचंय. ताईंचा बारा वर्षांचा मुलगा ओकलंडच्या कोलिझियम स्टेडियममध्येच लहानाचा मोठा झाला, त्याची पहिली जर्सी ए'जच्या मॅट चॅपमनची, २६ नंबरची. आता त्याला वाढदिवसाला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची, म्हणजे शेजारच्या शहरातल्या प्रतिस्पर्धी बेसबॉल टीमची, टोपी हवीय. ताई म्हणाल्या, "या घरात ती टोपी येणार नाही." तेव्हापासून तो त्यांच्याशी बेसबॉलबद्दल बोलतच नाही. त्यात दिवाळीला मैत्रिणीकडे फोर्टीनाइनर्सची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉल टीमची, मॅच लावलेली होती, मैत्रिणीचा नवरा म्हणाला की आता तरी नाइनर्सकडे या, जिंकणाऱ्या टीमसोबत राहावं माणसाने. त्यावर ताई सगळ्यांसमोर बोलून गेल्या, "वारा येईल तशी पाठ फिरवणारी माणसं तुम्ही, तुम्हाला काय कळणार." मैत्रीण आता फोन उचलत नाही. घरी नवऱ्याचं म्हणणं, "कंपन्या आहेत त्या, त्यांच्यासाठी काय रडायचं." ताई विचारतात: ए'जच्या मागे वेगासपर्यंत जायचं, जायंट्सचं व्हायचं, की बघणंच सोडून द्यायचं? आणि माझी मतं इतकी टोकाची असतील तर मी गप्प बसायला शिकू का?

ताई,

आधी तुमच्या नवऱ्याचं वाक्य घेते, कारण पत्रात ते तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणजे ते लागलंय.

कंपन्या आहेत हे खरंच आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ए'जच्या मालकाला जायचं होतं, नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला, आणि १६ नोव्हेंबर २०२३ ला लीगच्या ३० च्या ३० मालकांनी होकार दिला. एकानेही नाही म्हटलं नाही. रेडर्सच्या वेळी २०१७ मध्ये निदान एकाने तरी विरोधात मत दिलं होतं, ३१-१. तर हो, धंदा आहे, आणि धंदा तुमच्या रडण्याला भीक घालत नाही. पण तुमच्या नवऱ्याच्या वाक्यातून एक गोष्ट सुटते. १३ जून २०२३ च्या रात्री, मंगळवारी, कोलिझियममध्ये २७ हजारांच्या वर माणसं आली होती, आणि तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं मायलेक त्यात होतात. त्या वर्षी ए'ज ११२ मॅचेस हरले, एरवी आठवड्यातल्या अशा रात्री कधीकधी चार-पाच हजार लोक जेमतेम यायचे. त्या रात्रीचे सगळे ठरवून आले, हिरव्या टी-शर्टवर 'सेल' एवढंच छापलेलं, मालकाला उद्देशून, की टीम विक आणि मोकळा हो. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला अख्खं स्टेडियम एका बॅटरपुरतं गप्प उभं राहिलं आणि मग जो गजर सुरू झाला तो टीव्हीवर ऐकतानासुद्धा अंगावर काटा आला होता. आणि टीम जिंकली, २-१, सलग सातवी मॅच. ती माणसं कुठल्या कंपनीची नव्हती. तुम्ही रडताय ते त्या माणसांसाठी, त्या रोजच्या जाण्यायेण्यासाठी, आणि ते रडणं अगदी रास्त आहे. नवऱ्याला हे एवढंच सांगा, भांडू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कुणाला सपोर्ट करायचं. पत्रात तुम्ही एक गोष्ट धरूनच चाललाय की खरा फॅन जन्मात टीम बदलत नाही, बदलली तर तो खोटा. मला विचाराल तर हा नियम फक्त फॅनने पाळायचा असतो आणि बाकी कुणी नाही, हेच मला पटत नाही. ए'ज मुळात ओकलंडचे कुठे होते? १९०१ पासून १९५४ पर्यंत फिलाडेल्फिया, मग १९६७ पर्यंत कॅन्सस सिटी, १९६८ मध्ये ओकलंड. १९७२, ७३, ७४ अशा लागोपाठ तीन वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलच्या फायनल, ओकलंडने जिंकल्या तेव्हा फिलाडेल्फियात कुणीतरी म्हातारा माणूस असणारच ज्याच्या तरुणपणची ती टीम होती. त्याने ओकलंडसाठी टाळ्या वाजवायला हव्या होत्या का? तुम्ही ज्यांचा तिरस्कार करता ते जायंट्स १९५७ पर्यंत न्यूयॉर्कचे होते. रेडर्स तर एकदा १९८२ ला लॉस एंजेलिसला जाऊन १९९५ ला परत आले, तुम्ही त्यांच्या प्रेमात पडलात ती ही परत आलेली टीम. म्हणजे तुमचं प्रेमसुद्धा कुणाच्या तरी तुटलेल्या मनावरच उभं होतं, ते दुसऱ्या शहरात होतं म्हणून दिसलं नाही इतकंच.

मी बरीच वर्षं बाल्टिमोरच्या आसपास काढली, आणि तिथे ही जखम अजून लोकांच्या बोलण्यात असते. १९८४ च्या मार्चमध्ये, एका रात्रीत, सामान नेणारे ट्रक लावून त्यांची फुटबॉल टीम, कोल्ट्स, इंडियानापोलिसला नेली. सकाळी लोक उठले तर टीम नाही. कोल्ट्सचा जुना स्टार खेळाडू जॉनी युनायटस म्हणजे त्या शहराचा देवच, त्याने नव्या शहरातल्या कोल्ट्सशी संबंधच तोडून टाकला, म्हणाला मी बाल्टिमोरचा. पण मला सगळ्यात आवडतो तो टीमचा बँड. बँडचे गणवेश नेमके तेव्हा धुवायला दिलेले होते म्हणून ट्रकात गेले नाहीत, आणि त्या लोकांनी टीम नसताना, मैदान नसताना, पुढची दहा-बारा वर्षं परेड आणि दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत वाजवत बँड चालू ठेवला. मग १९९६ ला क्लीव्हलंडची टीम उचलून बाल्टिमोरला आणली, तिचे रेव्हन्स झाले, आणि तोच बँड त्यांच्यासाठी वाजवायला लागला. क्लीव्हलंडने निदान भांडून आपलं ब्राउन्स हे नाव आणि रंग ठेवून घेतले आणि १९९९ ला त्यांना नवी टीम मिळाली. आता यात कोण निष्ठावान आणि कोण दगाबाज सांगा. ज्या बाल्टिमोरचं मन मोडलं त्यानेच दुसऱ्या गावाची टीम घेतली. पण बाल्टिमोरमधलं कुणी इंडियानापोलिसच्या टीमला सपोर्ट करत बसल्याचं मी तरी पाहिलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना कुणी खोटं फॅनही म्हणत नाही.

आणि तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. पुण्याने तर सहा-सात वर्षांत दोन आयपीएल टीम्स घालवल्या. पुणे वॉरियर्स २०११ ला आले, २०१३ ला संपले. रायझिंग पुणे २०१६ आणि १७, दोनच वर्षं, आणि २०१७ ची फायनल मुंबईकडून एका रनने हरले, आणि ती टीम पुन्हा कधी मैदानात उतरलीच नाही. पुढच्याच वर्षी चेन्नईच्या घरच्या मॅचेस गहुंजेला हलवाव्या लागल्या तर पुणेकर पिवळे टी-शर्ट घालून धोनीसाठी ओरडायला हजर. तुमच्या माहेरच्या मंडळींना तुम्ही त्यासाठी वारा येईल तशी पाठ फिरवणारे म्हणणार का? नाही ना. मग स्वतःलाच एवढी कडक शिक्षा कशाला.

दुसरी गोष्ट, तुम्ही ए'ज आणि रेडर्स हे दुःख एकाच गाठोड्यात बांधलंय, आणि मला वाटतं तिथे थोडा घोळ होतोय, कारण हे दोन खेळ वेगळ्या पद्धतीने आपल्या आयुष्यात येतात. बेसबॉल रोजचा. १६२ मॅचेस, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. ऑफिसातून सुटायचं, बार्ट, म्हणजे इथली लोकल, पकडायची, कोलिझियम स्टेशनला उतरायचं, मग तो स्टेडियमपर्यंत जाणारा लांबलचक जाळीचा पूल, पुलावर ओळीने पाण्याच्या बाटल्या आणि शेंगदाण्याच्या पिशव्या आणि टोप्या विकणारे, बेकन गुंडाळलेल्या हॉटडॉगबरोबर परतलेल्या कांद्याचा वास, आत गेलं की उजव्या बाजूच्या ब्लीचर्समधले, म्हणजे उघड्या बाकांवरचे, ढोल. तुम्ही लिहिलंय की व्हेजिटेरियन असूनही त्या वासाने तुम्हाला घरी आल्यासारखं वाटायचं. आणि ज्या दिवशी जाता यायचं नाही त्या दिवशी स्वयंपाक करताना रेडिओवर कॉमेंटेटर बिल किंग. २००५ मध्ये ते गेले, पण तुमची पहिली पाच वर्षं त्यांच्याच आवाजात इंग्रजी आणि बेसबॉल दोन्ही पक्कं झालं असं तुम्ही म्हणता, आणि तो माणूस एकेकाळी रेडर्सचाही आवाज होता. हे सगळं जवळ असण्यावर चालतं. टीम दोन तास लांब गेली, तीही चौदा हजारांच्या मैदानात, जे मुळात जायंट्सच्याच खालच्या लीगमधल्या टीमचं घर, आणि नावापुढे शहर लावणंही बंद झालं, नुसतं अ‍ॅथलेटिक्स, तर मग तुमचा रोजचा धागा तुटलाच. तो बळंच ओढून ठेवता येत नाही.

फुटबॉलचं तसं नाही. वर्षाला १७ मॅचेस, त्यातल्या घरच्या आठ किंवा नऊ, तिकीट महाग, बहुतेक फॅन आयुष्यभर टीव्हीवरच बघतात. फुटबॉलला लागते ती रविवारची बैठक, चार माणसं आणि एक सोफा. रेडर्सचे फॅन तर आधीच लॉस एंजेलिसपासून सॅक्रामेंटोपर्यंत पसरलेले, टीम कुठेही असो ते तिचेच असतात, आजही कॅलिफोर्नियातून कितीतरी लोक मॅचसाठी वेगासला जातात. तुमची रविवारची बैठक अजून चालू आहे ना? पत्रात तर आहे की दोन घरं अजून येतात, मिसळ असते. मग रेडर्स सोडायचं काहीच कारण मला दिसत नाही. सुपर बोलला, म्हणजे फुटबॉलच्या फायनलला, रेडर्स शेवटचे २००३ च्या जानेवारीत पोचले आणि तिथे टँपाकडून ४८-२१ मार खाल्ला, त्या दिवसापासून जी टीम तुम्ही सहन केलीत ती आता फक्त पत्ता बदलला म्हणून सोडणार? तुम्हाला रविवारी मजा येत असेल तर रेडर्स ठेवा, आणि कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही आहात.

ए'जबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगते. मालकाला एक डॉलरही देऊ नका. तिकीट नको, जर्सी नको, वेगासचं स्टेडियम उघडलं की बघायला म्हणूनसुद्धा नको. पण खेळाडूंवर राग काढू नका, त्यांनी काही केलेलं नाही. निक कर्ट्झ नावाचा तो पोरगा, २०२५ मध्ये पहिल्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये एका मॅचमध्ये सहापैकी सहा वेळा हिट, त्यातले चार होमरन, म्हणजे क्रिकेटच्या सिक्ससारखे, आणि वर्षाच्या शेवटी रुकी ऑफ द इयर, नव्या खेळाडूंमधला सर्वोत्तम. असा बॅटर बघताना डोळे मिटून घ्यायचे ही तुम्ही स्वतःला दिलेली शिक्षा झाली, मालकाला त्याचं काय. हायलाइट्स बघा, नाव घ्या, आनंद घ्या. माहेरचं घर भावाने विकून टाकलं म्हणून कुणी भाच्यांशी बोलणं सोडत नाही.

आणि प्रत्यक्ष मैदानावर जायची जी भूक आहे ती वेगळीच भागवायला हवी. वेस्ट ओकलंडमध्ये रायमंडी पार्कला ओकलंड बॉलर्स खेळतात, छोट्या स्वतंत्र लीगमधली टीम, ए'ज जाणार हे ठरल्यावर स्थानिक लोकांनीच उभी केली, २०२४ ला खेळायला लागली, आणि दुसऱ्याच सीझनला, २०२५ मध्ये, लीग जिंकली सुद्धा. तिथे पिचरचा बॉल ऐकू येईल इतक्या जवळ बसता येतं, आणि कोलिझियममधली ओळखीची तोंडं भेटतील ती वेगळीच. बेसबॉल मेजर लीगचाच असला पाहिजे असा हट्ट तुम्ही धरलाय का, हे एकदा स्वतःला विचारून बघा. तुमच्या वर्णनात मेजर लीगचा उल्लेख मला फार कमी दिसला, पूल आणि ढोल आणि रेडिओच जास्त दिसला. कोलिझियमही ओस पडलेलं नाही, फुटबॉलची, म्हणजे पायाने खेळायच्या फुटबॉलची, ओकलंड रूट्स तिथे खेळायला लागली आणि १२ जून २०२५ ला तर तिथे चक्क मेजर लीग क्रिकेटची मॅच झाली. फिन अ‍ॅलनने ५१ बॉलमध्ये १५१ केले, १९ सिक्स, टी-ट्वेंटीच्या एका इनिंगमधला विक्रम. जिथे ए'जच्या रिकी हेंडरसनने पळत बेस चोरले त्याच मैदानावर! परत तिथे क्रिकेट लागलं तर जाऊन या, मैत्रिणीच्या कुटुंबालाही घेऊन जा, त्या दोघांनाही क्रिकेट आवडतंच असेल.

आता मुलगा. इथे मला जरा थांबायचंय, कारण टोपी हा मला तुमच्या पत्रातला खरा विषय वाटतो, टीम नाही.

तुमच्याकडे सांगण्यासारख्या गोष्टींचा खजिना आहे, पत्रातच किती आल्या. २००१ च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या जेटरने कुठूनतरी पळत येऊन उलट्या हाताने टाकलेला बॉल आणि न घसरता आलेला ए'जचा जेरेमी जिआंबी, आणि मॅच १-० ने गेली. २००२ च्या जानेवारीत न्यू इंग्लंडच्या बर्फात रेडर्सच्या चार्ल्स वुडसनने तिथल्या टॉम ब्रेडीच्या हातातून बॉल पाडला, सगळ्या जगाने फंबल, म्हणजे हातातून सुटलेला बॉल, बघितला आणि रेफ्रीने टक रूल (फेकायला पुढे नेलेला हात परत अंगाशी घेताना बॉल सुटला तर तो फंबल नाही) काढून निकाल फिरवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ए'ज ११-० ने पुढे असताना कॅन्सस सिटीने ११-११ केलं आणि मग ए'जच्या हॅटेबर्गचा होमरन, सलग विसावा विजय. काय वर्ष होतं ते! तुम्ही हे तुमच्या मुलाला दर वर्षी सांगता. पण ताई, टक रूल २०१३ ला रद्द झाला, तुमचा मुलगा जन्मला त्याच वर्षी. त्या अन्यायाला न्याय मिळाल्यावर तो जगात आला. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते बघा ना. चार-पाच वर्षांचा असताना थर्ड बेसवर चॅपमन, जो जमिनीला समांतर उडी मारून बॉल अडवायचा, ज्याला ओकलंडमध्ये फील्डिंगसाठीचे तीन गोल्ड ग्लव्ह मिळाले. मग २०२२ च्या मार्चमध्ये दोन-चार दिवसांत ए'जचाच दुसरा स्टार ऑल्सन अटलांटाला, चॅपमन टोरांटोला. मग ११२ पराभव. मग २६ सप्टेंबर २०२४, शेवटची मॅच, टेक्ससला ३-२ ने हरवलं, आणि सेहेचाळीस हजारांवर माणसांबरोबर त्याची आई रडतेय. ही त्याची ए'ज. तुमची वेगळी होती.

आणि आता ज्या गोष्टीकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही ती सांगते. मॅट चॅपमन सध्या कुठे खेळतो? जायंट्सकडे. २०२४ ला तिथे आला, नंबर तोच २६, जागा तीच थर्ड बेस, आणि करार २०३० पर्यंतचा. तुम्ही लिहिलंय की पोरगं शाळेतल्या मित्रांमुळे बदललं. असेलही, बारा वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर बोलायला विषय हवाच असतो आणि त्यात वाईट काही नाही. पण त्याला एकदा विचारा तरी. मला अशी दाट शंका आहे की तो त्याच्या पहिल्या खेळाडूच्या मागे गेलाय, पाच वर्षांचा असल्यापासून ज्याचं नाव पाठीवर घालून फिरला त्याच्या. टीमने चॅपमनला सोडलं, याने सोडलं नाही. हे तर तुमच्याकडूनच शिकला असेल ना?

म्हणून टोपी आणा, वाढदिवसालाच आणा, आणि देताना "बरं बाबा, घे" असं तोंड करून देऊ नका, मुलांना ते लगेच कळतं. तुम्ही जायंट्सच्या फॅन व्हायची काही गरज नाही, तुमचा राग तुम्ही खुशाल ठेवा, १९८९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये भूकंप होऊनही ए'जनी जायंट्सना ४-० ने धुतलं होतं ते त्याला सांगत राहा. फक्त त्याने तो राग वारशाने घेतलाच पाहिजे ही अट काढून टाका. एकदा सॅन फ्रान्सिस्कोला मॅच बघायला दोघं जा, तुम्ही तुमची जुनी हिरवी टोपी घालून, आणि थर्ड बेसच्या बाजूची तिकिटं काढा. पैसे जायंट्सच्या मालकाला जातील, माहितेय, पण इथे मी मुलाच्या बाजूने आहे. आणि स्कोअरकार्ड घेऊन जा. तुम्ही हाताने स्कोअर लिहिता हे वाचून मला फार आनंद झाला, हल्ली कोण लिहितं, ते त्याला शिकवा, ते कुठल्याही टीमचं नसतं.

राहता राहिली तुमची मतं. गप्प बसायला शिकू का म्हणता, तर अजिबात नको. एक्स्ट्रा इनिंगमध्ये सेकंड बेसवर फुकटचा रनर उभा करणं हा खेळाशी केलेला खेळखंडोबा आहे, या तुमच्या मताशी मी शंभर टक्के सहमत आहे. पिच क्लॉकबद्दल, म्हणजे पिचरने ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकायच्या नियमाबद्दल, नाही, तिथे माझं उलट म्हणणं आहे, २०२२ ला नऊ इनिंगची मॅच सरासरी तीन तासांच्या वर जायची ती २०२३ ला दोन तास चाळीस मिनिटांवर आली आणि पिचरने मातीत रेघा मारत उभं राहणं थांबलं, मला तो खेळ परत मिळाल्यासारखा वाटला. यावर आपण तासभर भांडू शकतो आणि नंतर एकत्र चहा पिऊ शकतो. शहराच्या किंवा राज्याच्या पैशातून अब्जाधीशांना स्टेडियम बांधून द्यावं का, यावर तर तावातावाने बोललंच पाहिजे, तुम्ही ते स्वतः भोगलंय.

दिवाळीला झालं ते मतावरून झालं नाही. ते माणसावर गेलं. आणि गंमत बघा, ज्या माणसाला तुम्ही वाऱ्याबरोबर फिरणारा म्हणालात तो २०१२ ला इथे आला असं तुम्हीच लिहिलंय, सँटा क्लाराला राहतो, जिथे २०१४ पासून नाइनर्सचं स्टेडियम आहे, म्हणजे त्याच्या गावचीच टीम. आणि जिंकणारी टीम तो म्हणाला खरा, पण नाइनर्सने शेवटचा सुपर बोल १९९५ च्या जानेवारीत जिंकलाय. तो आल्यापासून त्याने त्यांना तीन सुपर बोल हरताना पाहिलंय, २०१३ ला बाल्टिमोरकडून, २०२० आणि २०२४ ला कॅन्सस सिटीकडून, त्यातला शेवटचा तर ओव्हरटाइममध्ये. तरी तो रविवारी लाल जर्सी घालून बसतो. तुमच्या इतकाच सोसणारा फॅन आहे तो, फक्त त्याची टीम अजून बार्ट आणि लाइट रेलच्या अंतरावर आहे. जिंकणाऱ्यासोबत राहावं हे तो दिवाळीच्या मूडमध्ये बोलला असेल, त्याला माहीत नसेल की तुमच्यासाठी ते दुखरं आहे. तुम्ही त्याला कधी सांगितलंय का, शेवटच्या मॅचबद्दल, नीट बसून? लोकांना आपला राग दिसतो, दुःख आपण सांगितल्याशिवाय दिसत नाही.

मैत्रिणीला फोन करा, उचलत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज टाका, लिहू नका, आवाज जाऊ दे. तुझ्या घरी, तुझ्या पाहुण्यांसमोर मी भावोजींना तसं बोलायला नको होतं, एवढंच बोला. त्याच मेसेजमध्ये ए'जची कहाणी सुरू करू नका, नाहीतर ती माफी न राहता बाजू मांडणं होईल. ती कहाणी नंतर, समोरासमोर, चहा घेताना. आणि भावोजींना वेगळं सॉरी म्हणा, मैत्रिणीमार्फत नको.

ज्यांच्या टीम्स गेल्यात अशा इतर वाचकांची पण पत्रं येतात, सेंट लुईसहून, सॅन डिएगोहून, त्यांनाही मी हेच म्हणेन की पहिलं एक वर्ष काहीही ठरवू नका. नवी टीम शोधायची घाई नको आणि जन्मभर कुणाचाच होणार नाही अशी शपथही नको. जो खेळाडू आवडतो त्याच्या मॅचेस बघा, गावातली छोटी टीम असेल तर तिकडे जा, मैदानावर ज्यांच्या शेजारी बसायचात त्यांचे नंबर असतील तर त्यांना धरून ठेवा. आणि घरात मुलं असतील तर त्यांना त्यांचं त्यांना निवडू द्या. वर्षाने मन कुठे लागलंय ते आपोआप कळतं, आणि कुठेच लागलं नसेल तर तेही चालतं, बेसबॉल बघितलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय.

तुम्ही मात्र फोन याच आठवड्यात करा, जानेवारीची वाट बघू नका. प्लेऑफ सुरू झाले आणि नाइनर्स त्यात असले, तर त्या घरात रविवारी कुणीच फोन उचलणार नाही.